पाटीवर नॅनो नको

सुखदा बोराटेला पहिल्यांदा भेटणारा माणूस आधी तिच्या डोक्यावरून पलीकडं बघतो. मग आवाज कुठून आला म्हणून खाली बघतो. आणि मग चेहऱ्यावर जे काही उमटलेलं असतं ते पुसायला त्याला जरा वेळ लागतो. सुखदा तो वेळ त्याला देते. मग विचारते, "काय तपासायचंय?"

चार फुटांना चार बोटं कमी, एवढी तिची उंची. मोशीच्या बोराट्यांत तसे सगळे ताडमाड. वडील सुरेंद्र पिंपरीच्या एका कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर उभी हयात घालवून निवृत्त झालेले, आई पद्मा बालवाडीत शिकवायची. जन्मतःच हाडांची वाढ वेगळी, त्याला औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सुरेंद्र म्हणाले होते, "डोकं ठीक हाय ना? मग झालं." पद्माचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. तिनं त्या दिवसापासून घरातून एक शब्दच हद्दपार केला. बुटकी. कढई बुटकी नाही, ती लहानी. शेवग्याचं झाड बुटकं राहिलं नाही, त्याची वाढ खुंटली. पाहुण्यांपैकी कुणाच्या तोंडून चुकून तो शब्द निसटला, तर पद्मा उठून आत जायची आणि चहा जरा उशिरा यायचा.

घराबाहेर अर्थातच पद्माचं राज्य नव्हतं. शाळेत सुखदाला दीडफुटी म्हणाले, लवंगी म्हणाले, एका सरांनी तर कवायतीच्या रांगेत तिला हाताला धरून बाजूला काढलं. सुखदा रडली नाही असं नाही. पण तिचा पिंड रडून गप्प बसण्यातला नव्हता. वडील रविवारी घरी आणायचे त्या जाडी मोजायच्या जुन्या मायक्रोमीटरवर ती सापडेल ते मोजायची. पोस्टकार्ड, सुरीचं पातं, स्वतःचा केस. केस सत्तर मायक्रोन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले सत्तर, भरला तेव्हा तिनं आईचाही एक ओढून मोजला होता.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि नोकरीसाठी खेटे सुरू झाले. भोसरी, तळवडे, चाकण. "मशिनं उंच आहेत हो." "तुम्हालाच त्रास होईल." "कळवतो." कळवलं कुणीच नाही. शेवटी ती भोसरी एमआयडीसीतल्या 'मुलाणी गेज सर्व्हिस'मध्ये गेली. वजीरभाई मुलाणींनी डायल गेज या काट्याच्या मापयंत्रांच्या दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं होतं, मुलगा अझहरनं त्याची मापं तपासून देणारी प्रयोगशाळा केली होती. कारखान्यांत ज्या साधनांनी माल मोजतात, ती साधनंच बरोबर आहेत का, हे तपासायचं आणि तसा दाखला द्यायचा, हा कॅलिब्रेशनचा धंदा.

अझहरनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, ते न लपवता बघितलं. मग दोन पोलादी ठोकळे पुढं ठेवले. मापाचे ठोकळे, आरशासारखे गुळगुळीत. ते एकमेकांवर नीट सरकवले तर गोंद लावल्यासारखे चिकटतात, आणि जरा घाई केली तर चरा पडून कायमचे वाया जातात.

"जोड," तो म्हणाला.

सुखदानं आधी हात धुतले. मग ठोकळे पुसले, एक दुसऱ्यावर आडवा टेकवला, हलकेच फिरवत सरळ केला आणि वरचा ठोकळा धरून जोडी उचलून दाखवली. खालचा पडला नाही.

"कुठं शिकलीस?"

"कॉलेजात एकदा करू दिलं होतं. दुसऱ्यांदा मागितलं तर दिलं नाही."

अझहर हसला. "उद्यापासून ये. तुला एक स्टूल आणून ठेवतो."

"स्टूल नको. स्टूल हलतं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी ओटा करून घ्या. त्यावरून मी चालत काम करीन."

नोकरी मिळाल्या मिळाल्या फर्निचर मागणारी ही पहिलीच पोरगी. पण ओटा झाला. अझहरला नंतर त्या ओट्याचा त्रास एवढाच झाला, की तो स्वतः त्याला अडखळून चार-पाच वेळा पडता पडता वाचला.

नाव पडलं ते पहिल्याच वर्षी. नॅनो नावाच्या त्या छोट्या स्वस्त गाडीची तेव्हा गावभर हवा होती. चाकणच्या एका कारखान्याचा माणूस गेजांची पेटी घेऊन आला, ओट्यावरच्या सुखदाकडं बघून अझहरला कुजबुजला, "ही तपासणार?" अझहर मोठ्यानं म्हणाला, "ही आमची नॅनो. बाहेरून छोटी वाटते. आत बसल्यावर कळतं जागा किती हाय!" तो माणूस हसला, सुखदाही हसली. पेटी तिनं तपासली, चार गेज नापास केले. पुढच्या खेपेला तोच माणूस दारातून विचारत आला, "नॅनो मॅडम हायेत का?"

शाळेतली नावं दगडासारखी यायची. हे नाव कामाच्या हातात हात घालून आलं होतं. सुखदाला ते खुपलं नाही. तळवड्यापासून तळेगाव चौकापर्यंत क्वालिटी खात्यातली माणसं तिला त्याच नावानं ओळखायला लागली. फोनवर तीही बेधडक सांगायची, "मुलाणीतून नॅनो बोलतेय."

वर्षं गेली. चाकणला कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले आणि नाशिक रस्त्यावरची कोंडी अशी वाढली, की गेजांची पेटी भोसरीला पोचवून परत न्यायची म्हणजे माणसाचा अख्खा दिवस जायचा. गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली. अझहरनं ठरवलं, चाकणलाच दुसरी प्रयोगशाळा काढायची, आणि सुखदाला समोर बसवून सांगितलं, "ती तू चालवायची. नोकरीत नव्हे, भागीदारीत."

सुखदानं विचार करायला वेळ मागितला नाही. "मशीन मी निवडणार," एवढंच म्हणाली.

सगळं जमत आलं. जागा मिळाली, मोजणीचं मशीन आलं, टेबलं तिच्या उंचीची झाली, म्हणजे ओट्याची गरजच उरली नाही. आणि एका दुपारी अझहरनं तिला भोसरीच्या गोदामात नेलं. भिंतीला टेकवून, वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक लांबलचक पाटी उभी होती. त्यानं कागद टराटरा फाडले. निळ्यावर पांढरी अक्षरं: 'नॅनो कॅलिब्रेशन'.

"तुझ्या नावानं," तो म्हणाला. त्याचा चेहरा ईदच्या सकाळसारखा उजळला होता.

सुखदा "छान आहे" म्हणाली. पण कुठंतरी काहीतरी बसलं नाही. मापात फरक आहे हे कळतं पण काटा अजून स्थिर झालेला नसतो, तसं काहीसं. घरी जाताना स्कूटरवर ती तेच चाचपत राहिली.

नव्या प्रयोगशाळेची माहिती देणारं एक पान तिलाच लिहायचं होतं. नावाचा अर्थ दोन ओळींत द्यावा म्हणून संध्याकाळी मोशीच्या घरी तिनं मोबाइल उघडला. नॅनो म्हणजे एकाचे अब्ज भाग केले तर त्यातला एक, हे तिला पाठ होतं. एका मायक्रोनचे हजार तुकडे केले तर त्यातला एक नॅनोमीटर. पण हा शब्द आला कुठून, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहत नाही; रोजच्या हत्याराला कोण विचारतं, तुझं गाव कोणतं?

शब्द ग्रीकमधून आला होता. नानोस. म्हणजे ठेंगणा माणूस. बुटका.

सुखदानं ते पुन्हा वाचलं. दुसरीकडं शोधलं, तिथंही तेच. तिचे कान गरम झाले. कवायतीची रांग आठवली, दंडावरचा तो हात आठवला. तेव्हापासूनची एवढी वाटचाल करून, ज्या नावाला आपण आपलं म्हणून छातीशी धरलं, ते फिरून तेच निघालं होतं. आणि म्हणणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

मग सवयीनं ती पुढं वाचत गेली, कारण अर्धवट वाचून निकाल देणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं. मायक्रो म्हणजे ग्रीकमध्ये नुसतं लहान. नॅनोच्याही खालचा पिको हा शब्द चोच किंवा इवलासा तुकडा या अर्थाच्या स्पॅनिश शब्दाशी जोडतात. त्याच्याही खालचा फेम्टो म्हणजे डॅनिश भाषेतला पंधरा, शून्यं मोजता मोजता कंटाळून ठेवल्यासारखं. आणि मायक्रोन! साऱ्या चाकणच्या तोंडी दिवसभर असलेला मायक्रोन अधिकृत मापांतून केव्हाच रद्द झालेला, त्याला मायक्रोमीटर म्हणायचं असा नियम, म्हणजे हत्याराचं आणि मापाचं नाव एकच. मोठ्या मापांकडं वळल्यावर मात्र तिला खुदकन हसू आलं. गिगा म्हणजे महाकाय. राक्षसच म्हणा ना.

"काय झालं?" पद्मानं स्वयंपाकघरातून विचारलं. पोरीचा चेहरा आधी उतरलेला आणि मग हसलेला, दोन्ही तिनं बघितलं होतं.

"आई, तुझ्या मोबाइलच्या रिचार्जमध्ये रोज दीड राक्षस येतो."

"काहीतरीच."

"अगं, जीबी म्हणजे तेच. गिगा म्हणजे राक्षस. आणि नॅनो म्हणजे..." तिनं मोबाइल खाली ठेवला. "नॅनो म्हणजे बुटका माणूस."

पद्माच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं. पोळीचा करपट वास आला तरी ती हलली नाही. मग एकदम पेटली. "आणि तो माणूस ते पाटीवर लिहितोय? भर चौकात? त्याला सांग, आत्ताच्या आत्ता खोड. नाहीतर मी जाते."

"त्यांना माहीत नव्हतं, आई."

"माहीत नव्हतं म्हणून काय झालं? मी जन्मभर हा शब्द घराच्या उंबऱ्यात येऊ दिला नाही, आणि आता तो दिवे लावून मिरवायचा?"

बाहेरच्या खोलीतून सुरेंद्र उठून आले. त्यांनी आधी गॅस बंद केला. "ते मायक्रोन म्हणजे काय निघालं गं?"

"लहान."

"म्हंजी तीस वर्सं मी लहान लहान करत घासत हुतो, ते मला कुणी सांगितलं न्हाई." त्यांनी पद्माच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. "मग लहान म्हटलेलं चालतं आन् बुटकं म्हटलेलं चालत न्हाई, असं का बरं?"

हा प्रश्न त्यांनी सुखदाला विचारला होता की पद्माला, ते कळलं नाही. पद्मा छोट्या स्टुलावर बसली. तिचा आवाज खाली आला.

"मला वाटायचं, मी एकदा जरी तोंडानं म्हटलं, तर लोकांचं खरं होईल."

सुखदा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. स्टुलावर बसलेल्या आईच्या आणि तिच्या डोळ्यांची पातळी एक झाली.

"लोकांचं खरंच आहे, आई. मी बुटकी आहे. त्यात खोटं काय? त्याच्या पुढं ते जे जोडतात, की हिला झेपणार नाही, हिचं कसं होणार, ते खोटं. तू पुढचं खोडायच्या ऐवजी पहिलंच खोडत बसलीस."

 पद्मानं पदरानं तोंड पुसलं, करपलेली पोळी उचलून बाजूला टाकली आणि नवी लाटायला घेतली. जेवताना, अगदी शेवटी, भाताच्या वेळी म्हणाली, "ती बुटकी वाटी दे गं इकडं. तुपाची." एवढंच. सुरेंद्र खाली मान घालून भात कालवत राहिले, पण त्यांचे खांदे हसत होते.

दुसऱ्या दिवशी सुखदानं अझहरला सांगितलं. आडपडदा न ठेवता, मोबाइल पुढं धरून. त्यानं चष्मा चढवून वाचलं. मग चष्मा काढला आणि खुर्चीत मागं टेकून बसला. 

"मी गाडीवरून म्हटलं होतं गं. खुदाची कसम."

"माहीत आहे मला."

"पाटी आजच काढतो. नवीन करू. तू सांग ते नाव."

"पाटी काढायचीच आहे," सुखदा म्हणाली. "पण त्यासाठी नाही."

अझहरला कळेना.

"अझहरभाई, आपलं नवीन मशीन कितीपर्यंत खात्री देतं?"

"मायक्रोनपर्यंत. चांगलं मशीन हाय."

"चांगलंच आहे, मीच निवडलंय. पण नॅनोमीटर मोजतं का?"

"नाही."

"मग पाटीवर नॅनो कसं लिहायचं? तपासणीला अधिकारी येतील, ते पहिलं पाटी बघून विचारतील, दाखवा तुमचं नॅनो. काल गोदामात मला तेच खटकत होतं, मला नीट सापडलं नव्हतं. अर्थ कळला आणि मी जरा वेळ भलतीकडंच भरकटले. बुटक्याचं मला काही वाटत नाही. खोट्याचं वाटतं."

"अगं, पाटीवरच्या नावाचा कोण एवढा हिशेब घेतं? ते सुपर गॅरेज बघ कोपऱ्यावरचं. काय सुपर हाय त्यात? पंक्चरसुद्धा दोनदा काढतो."

"गॅरेजवाला मापाचा दाखला देत नाही. आपण देतो."

अझहरनं मान हलवली. बोलणं पटलं होतं; वाईटही वाटत होतं. त्या पाटीसाठी तो किती दिवस मनातल्या मनात खूश होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. "तुझ्यासाठी ठेवलं होतं नाव," तो हळू म्हणाला.

सुखदा याच वाक्याची वाट बघत होती. रात्रीच तिनं ठरवलं होतं, पण मागायचं कसं हे ठरत नव्हतं. आता वाट आपोआप मोकळी झाली.

"माझ्यासाठी ठेवायचंय ना? मग माझंच नाव ठेवा. बोराटे."

 'मुलाणी' हे नाव अझहरच्या अब्बांचं. वजीरभाईंनी पत्र्याच्या दुकानावर स्वतः ब्रशनं रंगवलेलं. त्या नावाशिवाय, किंवा त्या नावाशेजारी दुसरं नाव, हा विचारच त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. शुक्रवार होता. "नमाज पढून येतो," म्हणून तो उठला. सुखदा आपल्या ओट्यावर चढली आणि एक मायक्रोमीटर तपासायला घेतला. पहिलं माप तिला पुन्हा घ्यावं लागलं.

अझहर परत आला तो दारातूनच बायकोचा निरोप सांगत. "कनीजला फोन केला होता. म्हणाली, एवढी वर्षं ती पोरगी तुमचं नाव राखतेय, तुम्ही तिचं लिहायला घाबरता?" त्यानं डोक्यावरची टोपी काढून घडी केली. "दोन्ही नावं टाकू. आता एकच प्रश्न. आधी कुणाचं?"

"भोसरीत तुमचं आहेच. चाकणला माझं आधी."

"बोराटे-मुलाणी." त्यानं दोनदा म्हणून बघितलं. "ऐकायला वकिलांच्या ऑफिससारखं वाटतं, राव."

"वाटू दे. लोक जरा जपून बोलतील."

तसं ठरलं. निळी पाटी उलटी करून गोदामात फळीसारखी वापरात गेली. त्यानंतर काही दिवस अझहर तिला काहीच हाक मारीना. "अहो मॅडम" म्हणे, नाहीतर नुसताच खाकरून लक्ष वेधी. सुखदाला ते ऐकवेना. ज्या नावात इतक्या वर्षांची ऊठबस होती ते गेल्यावर प्रयोगशाळा परकी वाटायला लागली. शेवटी तिनंच सांगितलं, "तुम्ही नॅनो म्हणा हो. पाटीवर नको, एवढंच म्हणाले मी." अझहरनं सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच ओरडला, "नॅनो, चहा सांगितलाय, ये!"

चाकणच्या प्रयोगशाळेला तिसरा आठवडा लागला आणि पहिला खरा पेच आला. मिहिर देवधर हा एका गिअर कारखान्याचा क्वालिटी इंजिनिअर स्वतः गाडी घेऊन आला. त्यांचं एक जाड पोलादी कडं आदल्या संध्याकाळपासून प्रयोगशाळेत गार होत पडलं होतं. त्यांच्या कारखान्यात इतर सगळी मापं या कड्यावरून जुळवत. त्याचा दाखला संपला होता, माल भरलेला ट्रक फाटकात उभा होता, आणि गिऱ्हाईक दाखल्याची प्रत मागत होतं.

सुखदानं मोजलं. कडं आतून झिजलं होतं. फार नाही, पण ठरलेल्या मर्यादेच्या पलीकडं. तिनं जागा बदलून पुन्हा मोजलं, मग पुन्हा.

"नापास आहे."

मिहिर मशीनच्या पडद्याकडं बघत म्हणाला, "मॅडम, दोन-तीन मायक्रोनचा प्रश्न आहे. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. एवढ्याशा गोष्टीनं काय होतंय?"

"एवढ्याशा गोष्टी मोजायलाच तर तुम्ही माझ्याकडं आलात."

"दुसरीकडं मला पास करून मिळेल."

"मिळेल," सुखदा म्हणाली. "इथं नाही मिळणार. पण मिहिरराव, या कड्यावरून तुमचे सगळे गेज जुळवलेत. म्हणजे ट्रकमध्ये जे भरलंय तेही एकदा बघून घ्या. मी तुमच्या जागी असते तर आधी तेच केलं असतं."

तो रागानं कडं उचलून गेला. दार जरा जोरातच लागलं. प्रयोगशाळेतली पोरं सुखदाकडं बघायला लागली. तिसऱ्याच आठवड्यात एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं, हे सगळ्यांच्याच मनात होतं. तिच्याही होतं. तिनं नापासाचा दाखला नीट लिहिला, खाली सही केली आणि मिहिरच्या कारखान्याला पाठवून दिला. अझहरला फोन करून घडलं ते सांगितलं.  तो म्हणाला, "जाऊ दे. मी असतो तर जरा गोड बोललो असतो. पण निकाल हाच दिला असता."

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी फोन वाजला. मिहिरच होता. आवाज थकलेला.

"ट्रक उतरवून घेतला. काही पार्ट मापाबाहेर निघाले. फार नाहीत, पण निघाले." मग म्हणाला, "नवीन कडं मागवलंय. आलं की सकाळी पाठवतो, दुपारपर्यंत दाखला मिळेल का?"

"दुपारपर्यंत नाही मिळणार," सुखदा म्हणाली. "आदल्या दिवशी पाठवा. उन्हातून आलेलं पोलाद फुगलेलं असतं. ते रात्रभर आमच्या खोलीत गार होऊ दे, मग मी हात लावीन."

"बरं. तुमच्याच नावानं पाठवू?"

"हो. सुखदा बोराटे. पेटीवर ठळक लिहा, आणि रिकाम्या जागेत कापूस भरा, येताना आदळायला नको."

तिनं फोन ठेवला, मशीनवर कापड घातलं, आणि किल्ल्या घेऊन बाहेर आली. नाशिक रस्त्यावर गाड्या नेहमीप्रमाणे एकाला एक चिकटून उभ्या होत्या. सुखदानं स्कूटर काढली आणि मोशीच्या दिशेनं त्या गर्दीत घातली.